रक्तातील जंतुसंसर्ग आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी आजाराची गोष्ट काढणे कदाचित अप्रस्तुत वाटेल. परंतु आमचे आयुष्य वैद्यकीत गेले, आणि इस्पितळात समाचारास जाणे हा आपल्या ज्ञातीचा जुना धर्म आहे. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

शस्त्रक्रिया यशस्वी होते, घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि चौथ्या दिवशी रोग्यास हुडहुडी भरून ताप येतो. शिरेत ठेवलेल्या नळीवाटे अथवा मूत्रनलिकेवाटे जंतू रक्तात शिरलेले असतात. रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडे थकतात. संसर्गापायी ओढवणाऱ्या या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. २०१७ साली जगात तिचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रोगी झाले व १ कोटी १० लाख दगावले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात १८४७ च्या एप्रिलमध्ये शेकडा १८ बाळंतिणी मृत्यू पावत. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, आणि जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २ वर आले. पुढे पेनिसिलिन आले व जंतू कायमचे जिंकले असे वाटू लागले. तो भ्रम ठरला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२२ च्या अहवालात क्लेबसिएल्ला जंतूच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर इमिपेनेमसारखे राखीव औषधही निष्प्रभ आढळले.

येथे वेळेचे मोल फार. रक्तदाब ढासळलेल्या रोग्यास योग्य औषध मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक तासाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता शेकडा सुमारे ७.६ ने घटते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मात्र औषधापूर्वी तपासणीसाठी रक्त घेतले पाहिजे. तरुणपणी एकदा घाईच्या भरात आम्ही ते घेतले नाही. पुढे जंतूचा थांग लागला नाही, आणि रोगी हाती लागला नाही. ती चूक आम्हांस आजही बोचते.

उपाय अशक्य नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हात धुणे, त्वचा निर्जंतुक करणे, अनावश्यक नळी त्वरित काढणे अशा पाचच नियमांच्या कसोशीने अतिदक्षता विभागांतील नळीजन्य संसर्ग दीड वर्षात शेकडा ६६ ने घटला.

मग आपण काय करावे? समाचारास एकेकट्याने जावे, घोळक्याने नव्हे. खाटेजवळ जाण्यापूर्वी हात धुवावेत. खोकला-ताप असता घरीच थांबावे. “ही नळी अजून आवश्यक आहे काय?” असे डॉक्टरांस नम्रपणे विचारण्यात संकोच मानू नये. आणि चिठ्ठीविना प्रतिजैविके घेऊ नयेत. आज साध्या पडशासाठी उधळलेले औषध उद्या आपल्याच लेकराच्या कामी येणार नाही.

समाचाराची आपली चाल मोडावी असे आम्ही म्हणत नाही. आपल्या प्रेमाने रोग्यास धीर मिळावा, जंतू मिळू नयेत, एवढीच आमची विनंती आहे.