रेडकाचे बारसे

म्हैस व्याली की घरात प्रथम दोन प्रश्न विचारले जातात. पारडी झाली की पारडा, आणि चीक किती निघाला? पारडी झाली असेल तर मालकाची मुद्रा उजळते. पारडा असेल तर तो फारसे बोलत नाही. शेजारीपाजारी चिकाच्या वाट्या जातात, घरात खरवस होतो, वार वेळेवर पडली की नाही याची चौकशी होते, म्हशीपुढे गूळ आणि शिजवलेले धान्य येते. ज्याच्या जन्मामुळे हे दूध आले ते रेडकू या सर्व गडबडीत कोपऱ्यात दाव्याला बांधलेले असते. पंधरा-वीस दिवस ते उड्या मारते, आईच्या कासेला ढुशा देते. मग एके दिवशी ते उड्या मारीनासे होते.

श्रोतेहो, यापुढचा क्रम म्हशी पाळणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. रेडकाला आधी मलावरोध होतो, मग चिखलाच्या रंगाची आणि अत्यंत दुर्गंधीची हगवण लागते. अंगावरचे केस राठ होऊन उभे राहतात. पोट नगाऱ्यासारखे फुगते, आणि वरच्या बाजूला मात्र फासळ्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था होते. रेडकाच्या तोंडाजवळ नाक नेले तर खवट लोण्यासारखा आंबूस वास येतो. हा वास ब्युटिरिक आम्लाचा असतो आणि लोणी खवट झाले म्हणजे त्यालाही तोच येतो. जाणते गवळी नुसत्या या वासावरून रोग ओळखतात. काही रेडके यातून उठतात, पण खुरटलेलीच राहतात. काही मरतात. मेलेल्या रेडकाचे लहान आतडे उघडले तर पांढरट, किंचित गुलाबी झाक असलेले, वीतभर आणि कधी त्याहूनही लांब जंत एकमेकांत गुंतून बसलेले आढळतात. कित्येकदा त्यांचा गुंता एवढा मोठा असतो की आतड्याची वाटच बंद झालेली असते.

या जंताला शास्त्रात टोक्सोकॅरा व्हिट्युलोरम म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो निओॲस्कॅरिस या नावाने येतो. व्हिट्युलोरम या लॅटिन शब्दाचा अर्थ 'वासरांचा' एवढाच आहे. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन 1782 साली जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग या गावच्या योहान आउगुस्ट एफ्राइम गोत्झे नावाच्या पाद्र्याने केले. हा गृहस्थ धर्मोपदेश सांभाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यातले किडे आणि प्राण्यांच्या पोटातले जंत पाहात बसे. गोलकृमींच्या वर्गातील या जंताची पूर्ण वाढलेली मादी सुमारे 30 सेंटीमीटरपर्यंत लांब होते. तो गाईच्या वासरांतही आढळतो. परंतु उष्ण आणि दमट प्रदेशांत म्हशीच्या रेडकांइतका त्रास तो क्वचितच दुसऱ्या कोणाला देतो. रेडकू बडोद्याकडच्या सुरती म्हशीचे असो, पंढरपुरी म्हशीचे असो की मुऱ्हाचे असो, त्याला त्यात भेद नाही. 2019 च्या पशुगणनेत भारतात सुमारे 11 कोटी म्हशी मोजल्या गेल्या. तेव्हा हा प्रश्न एखाद्या गोठ्यापुरता नाही.

रेडकू गेले म्हणजे नुकसान एका जनावराचेच होते असेही नाही. म्हैस मोठी मायाळू आणि तितकीच हट्टी. कासेला रेडकू लागले नाही तर पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात, आणि काही दिवसांत आटतात. मग रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याचे प्रकार होतात, किंवा पान्हा फुटावा म्हणून नको त्या सुया टोचल्या जातात. मेलेली जर पारडी असेल तर साडेतीन-चार वर्षांनी गोठ्यात उभी राहिली असती अशी एक दुभती म्हैस गेली. पारडा असेल तर त्याच्याविषयी हळहळ कमी. शेतावर रेड्याला काम उरलेले नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचे दूधही आखडते घेतले जाते, आणि अर्धपोटी राहिलेल्या त्या जिवावर जंतांचा घाव अधिक बसतो. बेळगाव-कोल्हापूरकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशींना न्हाऊमाखू घालतात, त्यांची शिंगे रंगवतात आणि त्यांना वाजतगाजत मिरवतात. ते प्रेम खोटे नाही. पण ते म्हशीच्या पायांतल्या रेडकापर्यंत पुष्कळदा पोचत नाही.

रेडकाला जंत होतात तरी कशाने? गोठ्यात विचारले तर एक म्हणेल की ते माती चाटते म्हणून. दुसरा म्हणेल की दूध बाधले. तिसरा दृष्ट लागली म्हणेल. यांपैकी मातीवाल्याचे मत शास्त्रीय वाटते आणि दूधवाल्याचे भोळसट वाटते. प्रत्यक्षात दूधवाला सत्याच्या अधिक जवळ आहे.

तीन आठवड्यांच्या कोवळ्या रेडकात पूर्ण वाढलेले जंत सापडतात, हे कोडे पशुवैद्यकांनाही पुष्कळ दिवस सुटत नव्हते. एवढ्या थोड्या काळात मातीतील अंड्यांपासून इतकी वाढ होणे शक्य दिसत नव्हते. म्हणून हा जंत गर्भातच शिरत असला पाहिजे, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगत. 1970 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात आणि त्यानंतर बांगलादेश, श्रीलंका या देशांत जे संशोधन झाले त्यातून निराळीच हकिगत पुढे आली. नुकत्याच व्यालेल्या म्हशीच्या दुधातच या जंताच्या अळ्या आढळल्या.

हकिगत अशी आहे. रेडकाच्या आतड्यातील मादी जंत रोज हजारोंनी अंडी घालते. ती शेणावाटे बाहेर पडतात, आणि ऊब व ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक अंड्यात एक अळी तयार होते. जाड कवचामुळे ते अंडे कित्येक महिने मातीत टिकून राहते. गोठ्यात शिंपडल्या जाणाऱ्या नेहमीच्या जंतुनाशकांना ते दाद देत नाही. ही अंडी चाऱ्याबरोबर, डबक्याच्या पाण्याबरोबर मोठ्या म्हशीच्या पोटात जातात. तेथे अळी बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदते, यकृत आणि फुप्फुसे यांतून फिरते, आणि शेवटी म्हशीच्या अंगात कोठेतरी निपचित पडून राहते. म्हशीला त्याचे काही वाटत नाही. तिचे दूध कमी होत नाही, शेण तपासले तर त्यात अंडेही दिसत नाही. म्हैस गाभण राहिली आणि व्यायचे दिवस जवळ आले की या निजलेल्या अळ्या जाग्या होतात आणि कासेची वाट धरतात. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात त्या दुधातून उतरतात आणि रेडकाच्या आतड्यात जाऊन वाढीला लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांचीही अंडी शेणात पडू लागतात. रेडकू चार-पाच महिन्यांचे होईतो, ते जगले तर, बहुतेक जंत आपोआप पडूनही जातात. परंतु तोवर गोठ्याच्या मातीत पुढच्या वेताची बेगमी झालेली असते. या वर्षीच्या रेडकाचे शेण पुढच्या वर्षीच्या रेडकाच्या पोटात आईच्या वाटेने पोचते.

रेडकाने स्वतः मातीतली अंडी गिळली तर काय होते? ती अळी बहुधा आतड्यात वाढत नाही; मोठ्या म्हशीत जाते तशीच ती शरीरात जाऊन दडते. ती पारडी असेल तर चार वर्षांनी आपल्या पिलासाठी ती अळी राखून ठेवते, एवढाच माती चाटण्याचा अर्थ.

येथे एक धोका आहे. दुधातून जंत येतात हे अर्धवट कानावर पडले की कोणीतरी रेडकाचा चीक बंद करील. तसे करणे म्हणजे त्याला निश्चितपणे मृत्यूच्या दारी नेऊन उभे करणे होय. जन्मलेल्या रेडकाच्या रक्तात रोगाशी झगडणारी द्रव्ये जवळजवळ नसतात. ती चिकातूनच यावी लागतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची शक्ती पहिल्या काही तासांनंतर झपाट्याने ओसरते, एका दिवसात संपत आल्यासारखी होते. पहिल्या दिवसभरात रेडकाच्या वजनाच्या साधारण एक-दशांश इतका चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर. खरवस त्यानंतर उरेल त्याचा करावा. माणसांनी मात्र यात घाबरण्यासारखे काही नाही. उकळलेल्या दुधात किंवा वाफवलेल्या खरवसात अळी जिवंत राहात नाही.

तेव्हा अळ्या येणार, आणि त्या आईच्या दुधाबरोबरच येणार, हे गृहीत धरून चालावे लागते. म्हशीच्या अंगात दडलेल्या अळ्या मारणारे खात्रीचे औषध हाताशी नाही. उपाय रेडकावरच करायचा, आणि त्याची सारी खुबी वेळेत आहे. औषध चौथ्या-पाचव्या दिवशी पाजले तर त्यानंतरही दुधातून अळ्या येतच राहतात आणि औषध फुकट जाते. महिना उलटल्यावर, हगवण लागल्यावर पाजले तर जंत पडतात हे खरे; पण तोवर आतड्याची हानी झालेली असते, अंडी गोठाभर पसरलेली असतात, आणि मोठाले जंत एकदम लुळे पडून त्यांच्याच गोळ्याने आतडे तुंबण्याचे भय असते. या दोहोंच्या मध्ये दहाव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंतचा काळ येतो. त्या सुमारास बहुतेक अळ्या येऊन चुकलेल्या असतात आणि एकही अंडे घालण्याइतकी मोठी झालेली नसते. या दिवसांत लहान, वाढत्या जंतांवरही चालणारे पायरँटेलसारखे औषध एकदाच दिले तरी काम होते. 1950 नंतरच्या दशकात प्रचारात आलेले पायपरॅझिन पुष्कळ गोठ्यांना ठाऊक आहे. तेही गुणकारी आहे, परंतु त्याचा जोर आतड्यातील वाढलेल्या जंतांवर अधिक. कोणते औषध द्यायचे आणि किती, हे रेडकाच्या वजनावर ठरते आणि ते पशुवैद्यकाने सांगायचे असते. शेजाऱ्याने मागच्या वर्षी अर्धी बाटली पाजली, हे प्रमाण नव्हे.

घरगुती औषधांची थट्टा करण्याचे कारण नाही. पळसपापडी, वावडिंग, डिकेमाली ही नावे आजीबाईच्या बटव्यात उगीच आली नाहीत. किरमाणी ओव्यापासून निघणारे सँटोनिन तर एके काळी माणसांच्या जंतांवर डॉक्टरांच्या दवाखान्यातही दिले जाई. अडचण एवढीच की चिमूटभर पुडीत गुणकारी द्रव्य किती उतरले हे पुडी देणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि दोन आठवड्यांच्या पिलाच्या बाबतीत असा अंदाज महागात पडतो. पाजण्याच्या रीतीबद्दलही एक शब्द. रेडकाची मान आकाशाकडे करून बांबूच्या नळीने घटाघटा औषध ओतण्याची रीत फार घातक आहे. औषध श्वासनळीत उतरते, ठसका लागतो, आणि जंतांतून वाचलेले रेडकू फुप्फुसाच्या दाहाने जाते. डोके सरळ रेषेत, किंचितच वर धरून, गालाच्या कडेने थोडे थोडे पाजावे.

बकऱ्यांना जसे पावसाळ्याच्या मागेपुढे औषध पाजतात तसेच रेडकांनाही एकदम पाजून टाकावे, असे काहींना वाटते. बकरीचा प्रमुख शत्रू हीमाँकस हाही गोलकृमीच, पण त्याचा संसार निराळा. तो गवतावरून येतो, जठरात बसून रक्त पितो, आणि त्याचा हिशेब पापणीच्या आतल्या फिकेपणावरून करावा लागतो. पावसाळ्याच्या पंचांगाने चालणारा उपाय रेडकाच्या उपयोगाचा नाही. रेडकाचे पंचांग त्याच्या जन्मदिवसापासून सुरू होते.

शेणाची व्यवस्था हा उपचाराचा दुसरा भाग होय. रेडकांची जागा मोठ्या जनावरांच्या गव्हाणीपासून दूर असावी आणि तेथले शेण रोज उचलले जावे. ते नुसते उकिरड्यावर पसरल्याने अंडी मरत नाहीत. शेण आणि काडीकचरा खड्ड्यात रचून, ओल राखून, वरखाली करीत नीट कुजविला तर आतली उष्णता 50 ते 60 अंशांपर्यंत चढते, आणि त्या उष्णतेत काही दिवस राहिलेली अंडी निकामी होतात. कडक उन्हात सुकलेली जमीनही त्यांना मानवत नाही. अंधाऱ्या, ओलसर, खाचखळग्यांच्या गोठ्यात ती सुखाने नांदतात.

आता राहिला प्रश्न दिवस लक्षात ठेवण्याचा. दहा-बारा म्हशींच्या गोठ्यात कोणती कधी व्याली याचा घोळ होतो. चौकटीवर कोळशाने किंवा खडूने तारीख लिहिली तरी पुरते. मुलाचे बारसे बाराव्या दिवशी करतात हे घरातील म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सर्वांना पाठ असते. तोच दिवस रेडकाच्या औषधाचा धरावा. तो बरोबर दहा आणि सोळा यांच्या मध्ये पडतो. त्या दिवशी पशुवैद्यक येऊ शकला नाही तर पुढचे चार दिवस हातात राहतात. पारडा असला तरी त्याचेही बारसे करावे, कारण त्याच्या शेणातील अंडी उद्या पारडीच्याच आईच्या पोटात जायची असतात.

औषध दिल्यानंतर मालक दुसऱ्या दिवशी शेण न्याहाळतो आणि त्यात काही दिसत नाही म्हणून पैसे वाया गेले असे समजतो. बाराव्या दिवशी हे जंत अजून बारीक असतात. ते पडले तरी शेणात सहसा नजरेस येत नाहीत. खात्री करून घ्यायची असेल तर रेडकू दीड महिन्याचे झाले की त्याचे सुपारीएवढे ताजे शेण झाकणाच्या डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली अंडी आहेत की नाहीत ते थोड्या वेळात कळते.