पाऱ्याची नदी आणि मासा

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील ड्रायडन या गावच्या कागदाच्या कारखान्यात लगदा पांढरा करण्यासाठी लागणारा क्लोरीन मिठाच्या पाण्यातून वीज खेळवून काढीत असत, आणि त्या कामी वापरलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ९ टन पारा १९६२ ते १९७० या अवधीत वाबिगून नदीत गेला. अखेरीस सरकारने व्यापारी मासेमारीस मनाईहुकूम काढला आणि नदीकाठच्या आदिवासींचा रोजगार बुडाला. त्या माणसांची कैफियत पुष्कळांनी मांडली आहे, आणि ती मांडलीच पाहिजे. मला आज माशाची मांडावयाची आहे.

पारा तळाच्या गाळात बसतो, आणि प्राणवायूविरहित चिखलातील काही जीवाणू त्याचे मिथिल-पाऱ्यात रूपांतर करतात. हे संयुग शेवाळातून कीटकांत, कीटकांतून लहान मासळीत, तीतून पाइकसारख्या भक्षक माशांत साचत जाऊन मांसातील प्रथिनांना असे बिलगते की ते शिजवूनही जात नाही. विशेष हा, की असा मासा दिसावयास बहुधा धडधाकट असतो. बाजारात कल्ला उचलून पाहिल्याखेरीज पैसे न काढणाऱ्या आपल्याकडच्या गृहिणीलाही त्यात खोट सापडू नये.

खोट वर्तनात आणि वंशवृद्धीत असते. अमेरिकेत शायनर जातीच्या चिमुकल्या माशांना मिथिल-पारा मिसळलेले अन्न घालून, पुढे त्यांच्या टाकीवर खंड्या पक्ष्याची प्रतिकृती झेपावत आणली, तेव्हा निर्विष मासे थोड्या वेळात पूर्ववत झाले. परंतु पारा खाल्लेल्यांचा थवा अधिक विस्कटला आणि त्यांना सावरावयास फार विलंब लागला. खऱ्या नदीत खरा खंड्या एवढी सवलत देत नाही! मिनो जातीच्या माशांवरील प्रयोगांत तर अंगावर रोगाचे चिन्ह नसतानाही नरमाद्यांतील जननसंप्रेरके घटली, गाभोळी नीट भरली नाही, आणि कित्येक जोड्यांनी अंडी उशिरा घातली किंवा घातलीच नाहीत.

मेलेला मासा पाण्यावर तरंगतो, त्याचा पंचनामा होतो. न जन्मलेल्या माशाची नोंद कोणत्या दप्तरात करावयाची? माशातील पाऱ्याच्या सरकारी मर्यादा ठरतात त्या मासा खाणाऱ्याच्या प्रकृतीवरून, आणि तेही रास्तच. पण त्यामुळे ‘खाण्यास योग्य’ एवढा शेरा मिळाला की मासाही निरोगी आहे असे गृहीत धरले जाते. वाबिगूनमध्ये पारा सोडणे बंद करण्याचा हुकूम १९७० साली निघाला. गाळातला पारा मात्र अर्धशतकानंतरही तेथील माशांच्या अंगी उतरतो आहे.