श्रीमंत मुलूख, गरीब माणूस
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



मंडळाने विषय दिला, ‘देश श्रीमंत, तरी गरिबी का हटत नाही?’ विषय मोठा आहे, म्हणून मी दिल्लीला न जाता बीरगांवातूनच सुरुवात करतो. उरला आणि सिलतऱ्याच्या चिमण्या आपल्याला परक्या नाहीत. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ कशी बसते, हे इथल्या भगिनींना मी सांगायला नको. धूर आपल्या वाट्याला पुरेपूर येतो. पैशाचे मात्र तसे नाही.

छत्तीसगढात लोखंड, कोळसा, चुनखडी, बॉक्साइट, सारे आहे. वर भाताचे कोठार. तरीही नियोजन आयोगाच्या २०११-१२ च्या आकड्यांत दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचे प्रमाण सर्व राज्यांत इथेच सर्वाधिक, ३९.९३ टक्के. देशाचे प्रमाण २१.९२ होते. पुढे नीती आयोगाने शिक्षण, आरोग्य, राहणीमान धरून निराळे माप लावले. त्या मापाने २०१५-१६ मध्ये राज्यातले २९.९१ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये १६.३७. सुधारणा झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण खनिजांच्या या राज्यात देशाच्या सरासरीपेक्षा तेव्हाही गरिबी जास्तच होती.

याचे एक कारण जुने आहे. १९५६ पासून पोलादाचा भाव वाहतुकीसकट देशभर सारखा ठेवला गेला. भिलाईचे पोलाद रायपुरात आणि मुंबईत एकाच भावाने मिळे. मग पोलादापासून यंत्रे बनवणारा कारखानदार खाणीजवळ कशाला येईल? तो बंदर आणि बाजारपेठ पाहून गेला. आपल्या मुंबई-पुण्याच्या भरभराटीत या धोरणाचाही हात आहे, हे आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने मान्य करावे. १९९० नंतरच्या आर्थिक सुधारणांत हे धोरण गेले. पुढे इकडे स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल वाढल्या.

कारखाने आले, मग गरिबी का गेली नाही? माझ्या मते खरी गाठ इथे आहे. मालाची किंमत गावातून नुसती जाते-येते. गावात राहते ती फक्त मजुरी. आणि मजुरी ठरते ठेकेदाराच्या हजेरीपटावर. कायम कामगार आणि ठेक्यावरचा कामगार एकच काम करीत असतील तर वेतन सारखे हवे, असे ठेका कामगार कायद्याखालच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांतच लिहिले गेले. पण ते मागणार कोण? नाव पुढच्या महिन्याच्या यादीत नसेल, ही भीती प्रत्येकाच्या मनात. बिहार-ओडिशातला माणूस कामासाठी इथे येतो आणि छत्तीसगढातला शेतमजूर कुटुंब घेऊन परमुलखात वीटभट्टीवर ‘कमाने-खाने’ जातो. दोघेही घरापासून दूर, त्यामुळे दोघेही गप्प. मजूर आळशी असतो असे म्हणणाऱ्याने एकदा उन्हाळ्यात भट्टीसमोर पाळी करून पाहावी!

हे बदलू शकते, याचे उदाहरण लांबचे नाही. दल्ली राजहराच्या लोखंडाच्या खाणींतून भिलाईला दगड जातो. तिथल्या ठेका मजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलीस गोळीबारात ११ जण गेले. तरी लोक हटले नाहीत आणि मजुरी वाढली. आता पुढचा भाग ऐका, मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. वाढलेला पैसा दारूच्या दुकानात जाऊ लागला. तेव्हा संघटनेने दारूबंदीची मोहीम घेतली, बाया पुढे आल्या. १९८३ मध्ये मजुरांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले. म्हणजे मजुरी वाढली आणि ती घरात टिकली, तेव्हा कुठे घर वर आले.

१९९० च्या सुमारास ही चळवळ भिलाई आणि आपल्या उरल्यापर्यंत पोचली. मागण्या साध्या होत्या: कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन. २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे नियोगींना भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. त्या मागण्या आजही पुष्कळ ठिकाणी तशाच आहेत.

आता थोडे आपल्या मंडळाविषयी. कारखानदारही वर्गणी देतात, त्यांचे आभार मानावेत, त्यात संकोच नको. पण आरतीला मागच्या रांगेत रात्रपाळीचे कामगार उभे असतात, त्यांच्यासाठीही काही करता येईल. त्यांतल्या कित्येकांना आपला पीएफचा नंबर ठाऊक नसतो, पगारातून कापलेले पैसे जमा झाले की नाही हे कळत नाही, ईएसआयचे कार्ड असले तरी दवाखान्यात वापरता येत नाही. आपल्या मंडळात बँकेत आणि कार्यालयांत काम केलेली जाणती मंडळी आहेत. पुढच्या वर्षी मंडपात दहाही दिवस संध्याकाळी सात ते नऊ एक टेबल मांडावे. जो येईल त्याचा पीएफ मोबाइलवर तपासून द्यावा, अर्ज लिहून द्यावा. टेबलावर बसायला माझे नाव आधी लिहून घ्यावे. आणखी चौघे मिळाले की काम सुरू करता येईल.