उत्सवमूर्तीची खुर्ची

आजींचा पंचाहत्तरावा वाढदिवस आणि पाहुणे तीस. अशा वेळी उंची उपाहारगृह कसे निवडावे? मुले झुंबरे पाहतात. पाहावयास हव्यात त्या पायऱ्या. वाद्यांच्या गजरात नातवंडांचे बोलणे ऐकू आले नाही, तर उत्सवमूर्ती आपल्याच पंगतीत एकाकी पडते. म्हणून आधी तेथे जाऊन बसून पाहावे. पदार्थ व दर लेखी ठरवावेत. सेवाशुल्क ऐच्छिक असल्याचे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच स्पष्ट केले आहे. तेही आधीच बोलून घ्यावे. वर्गणी काढावयाची झाल्यास सर्वांत तोकड्या खिशाचा आप्त डोळ्यांसमोर ठेवावा. संकोचाने तो घरी राहिला, तर त्याची रिकामी खुर्ची आजींनाच प्रथम दिसेल.