लाईट आली, पण कशी आली?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शेवगाव-पाथर्डीची कपाशी असो की कर्जत-जामखेडची ज्वारी, आपले पीक आभाळाच्या भरवशावर. विहिरीत परसभर पाणी उरते, ते एका पाळीपुरते. ज्वारी पोटरीत असताना ती एक पाळी बसली तर कणीस भरते, नाही तर कडब्यावर समाधान मानायचे. कोणत्या अवस्थेत पाणी द्यावे हे कृषी महाविद्यालयात आम्हाला पाठ करून घेतले. त्या दिवशी मोटार उचलेल का, हे कोणी शिकवले नाही. ते मी तुमच्या विहिरींवर शिकलो.

आपण भांडतो ते तासांवर. आठ तास द्या, दिवसा द्या. मागणी रास्तच आहे. पण आठ तास मिळालेली लाईट कसली होती, हे आपण विचारत नाही. दुधाला लिटर मोजतात तसे फॅटही मोजतात. विजेचे फॅट मोजणारे चार शब्द आज सोबत घेऊन जा.

पहिला शब्द व्होल्टेज, म्हणजे दाब. तीन फेजच्या पंपाला दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट मिळावेत असे धरलेले आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी त्यात सहा टक्के कमी-जास्त चालेल असे म्हटले, म्हणजे ३९० ते ४४०. आता हिशेब बघा. दाब ८० टक्क्यांवर, म्हणजे ३३२ वर आला तर मोटारीचा उचलण्याचा जोर ८० टक्के राहत नाही, ६४ टक्के राहतो. कारण जोर दाबाच्या वर्गाने घटतो. मोटार गुरगुरते, तेवढेच काम ओढायला जादा करंट घेते. करंट २० टक्क्यांनी वाढला की वायंडिंगमधली उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. मोटार जळाली की आपण नशिबाला बोल लावतो. नशिबाचा इथे काही संबंध नाही.

दुसरा शब्द असमतोल. तिन्ही फेजांत दाब सारखा हवा. समजा मीटरने ४००, ३८० आणि ३६० दाखवले. सरासरी ३८०, फरक २०, म्हणजे असमतोल सव्वापाच टक्के. दिसायला किरकोळ, पण पाच टक्के असमतोलाने मोटारीची तापवाढ सुमारे निम्म्याने जास्त होते, असा ढोबळ ठोकताळा आहे. एक फेज पूर्ण गेली तर मोटार काही मिनिटांत जळू शकते. म्हणून स्टार्टरला फेज गेल्यावर बंद करणारे साधन हवेच.

तिसरा शब्द पॉवर फॅक्टर. मोटार जेवढी वीज ओढते त्यातली सगळी कामाला लागत नाही; काही नुसती जा-ये करते आणि डीपीची जागा अडवते. ६३ केव्हीएची डीपी घ्या. पाच अश्वशक्तीची मोटार साधारण पाच किलोवॅट खाते असे धरा. पॉवर फॅक्टर ०.७ असेल तर डीपीवर आठ मोटारी बसतात, ०.९ केला तर अकरा. हा फरक कपॅसिटर पाडतो. तीन अश्वशक्तीला एक केव्हीएआर, पाचला दोन, एवढेच लागते. आणि ऑटोस्विच? लाईट आली की सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात, सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, आणि डीपी बसते. ही चूक आपली आहे, कबूल करू. आकड्यांचेही तेच. दुसऱ्याला जाब विचारायचा तर आपला बांध आधी साफ हवा.

चौथा शब्द खंड. किती वेळा गेली आणि एकूण किती वेळ गेली, हे वेगवेगळे मोजायचे. लाईट सहा वेळा ट्रिप झाली तर सहा वेळा कोरडा पाट पुन्हा भिजवावा लागतो. पाणी पाटातच जिरते, पिकाला मिळत नाही. कागदावर मात्र तास पूर्ण!

आधी वीज मंडळ होते, २००५ साली त्याच्या कंपन्या झाल्या. श्रीरामपूर-राहुरीकडे मुळा-प्रवरा सहकारी संस्था वीज देई, २०११ साली ते कामही महावितरणकडे गेले. आपल्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धीला २०१७ साली सौर कृषी वाहिनीचा आरंभ झाला. दिवसा वीज मिळणे चांगलेच आहे. पण पाटी कोणतीही असो, हे चार आकडे बघितल्याशिवाय माल पसंत म्हणू नका.

कोणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ आहे, मग तक्रार कशाला? भावांनो, फुकट विजेने जळालेली मोटार कोणी फुकट भरून देत नाही. ते पैसे रोख मोजावे लागतात. शिवाय आपले बिल सरकार कंपनीला देते, म्हणजे माल विकलेलाच आहे. भीक नको, हवे घामाचे दाम म्हणणाऱ्यांनी भिकेच्या मापाची वीज का घ्यावी?

काम सांगतो. प्रत्येक डीपीमागे एक वही आणि एक चांगला मीटर ठेवा. जोडण्या उघड्यावर करू नका, मोजताना जाणकार माणूस हवा. रोज तीन वेळा तिन्ही फेजांचा दाब लिहा. सगळ्या मोटारी बंद असतानाही दाब कमी असेल तर दोष वरच्या लाईनीत. मोटारी सुरू झाल्यावर पडत असेल तर डीपीवर भार जास्त. डीपीजवळ ठीक आणि विहिरीवर कमी असेल तर आपली केबल बारीक किंवा सांधे ढिले. दोष कोणाचा, ते वहीच सांगेल.

महिनाभराची वही झाली की लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. वीज नियामक आयोगाने २००५ साली सेवेची मानके ठरवली. ग्रामीण भागात जळालेली डीपी ४८ तासांत सुरू करण्याची मुदत त्यांत आहे. दाद लागली नाही तर २००३ च्या वीज कायद्याने ग्राहक तक्रार मंच दिला आहे. तिथे 'लाईट बरोबर नाही' म्हणणाऱ्याला कोणी विचारत नाही. तारीख, वेळ आणि व्होल्ट सांगणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

पुढच्या मेळाव्याला येताना घोषणा तर आणाच, पण वह्याही आणा.