झोप मोडलेला उंदीर काय विसरतो?



उंदीर हा रात्रीचा प्राणी. आपण अंथरुणावर पडतो तेव्हा त्याची धावपळ सुरू होते आणि उजाडलं की तो घरट्यात शिरतो. चोवीस तासांतले साधारण बारा तास तो झोपेत घालवतो, पण सलग नाही. काही मिनिटांची डुलकी, मग जाग, पुन्हा डुलकी. आज त्याच्याबद्दल बोलायचं ते एका कारणासाठी. शिकलेलं पक्कं व्हायला झोप का लागते, या प्रश्नाचा माग पेशीतल्या एकेका रेणूपर्यंत काढता आला, तो मुख्यतः त्याच्याच मेंदूत.

प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. सकाळी, म्हणजे उंदराच्या झोपायच्या वेळेला, त्याला एका उघड्या पेटीत सोडतात. पेटीत दोन-तीन छोट्या वस्तू मांडलेल्या असतात. तो प्रत्येकीजवळ जातो, हुंगतो, मिशा लावून पाहतो. मग त्याला पिंजऱ्यात परत ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पेटी, त्याच वस्तू, फक्त एक जागेवरून सरकवलेली. मधल्या वेळात नेहमीसारखा झोपलेला उंदीर त्या सरकवलेल्या वस्तूपाशी जास्त वेळ घुटमळतो. काहीतरी बदललंय हे त्याला कळतं. पण शिकल्यानंतर लगेच पाच-सहा तास ज्याला झोपू दिलेलं नाही, तो सगळ्या वस्तू सारख्याच हुंगतो. त्याच्या लेखी काही बदललेलंच नसतं.

जागं ठेवायचं तेही हलक्या हातानं. संशोधक पिंजऱ्याशेजारी बसून राहतो; उंदीर पेंगायला लागला की पिंजऱ्यावर टिचकी मारायची, पिंजरा जरासा हलवायचा, घरटं विस्कटायचं. तरीही कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की उंदीर विसरला तो झोपेअभावी, की या सततच्या त्रासानं? फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात टेड एबल यांच्या प्रयोगशाळेनं 2003 साली याचा छडा लावायला मदत केली. शिकल्याबरोबरचे पाच तास जागवलं तर जागेची आठवण बिघडली. मात्र शिकल्यानंतर पाच तास जाऊ देऊन मग पुढचे पाच तास जागवलं, तर ती शाबूत राहिली. त्रास तेवढाच, जागरण तेवढंच, वेळ वेगळी. म्हणजे शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत मेंदूत असं काही घडत असतं, ज्याला झोप लागते.

काय घडत असतं? जागेची आठवण मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तयार होते. तिथल्या चेतापेशीला संदेश पोचला की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू तयार होतो. तो पुढे प्रथिनांना आणि जनुकांना कामाला लावतो आणि पेशी-पेशींमधला दुवा बळकट होतो. हा रेणू मोडून टाकणारं एक विकरही पेशीत असतं, त्याचं नाव पीडीई-फोर. एबल यांच्या गटानं 2009 साली ‘नेचर’मध्ये दाखवलं, की पाच तासांच्या जागरणानं या विकराचा जोर वाढतो आणि सायक्लिक एएमपी कमी पडतं. विकराला अडवणारं रोलिप्राम हे औषध दिल्यावर जागवलेल्या उंदरांची आठवण वाचली.

मला स्वतःला सर्वांत थक्क करणारा वाटतो तो 2014 सालचा प्रयोग. संशोधक रॉबर्ट हॅवेकेस आणि सहकाऱ्यांनी फळमाशीतला एक ग्राहक, म्हणजे पेशीवरचा संदेश टिपणारा रेणू, उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या ठरावीक पेशींत बसवला. जागरण चालू असताना योग्य ते द्रव्य टोचलं, की फक्त त्याच पेशींत सायक्लिक एएमपी वाढायचं. उंदीर जागाच होता, झोप बुडालेलीच होती, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्यानं सरकवलेली वस्तू ओळखली! विसरणं हा नुसता थकवा असता, तर हे कसं झालं असतं?

थकव्याचंही रसायन आहेच. दिवसभर जळणाऱ्या चुलीत राख साठावी, तसं जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढते. चहा-कॉफीतलं कॅफीन या ॲडेनोसिनचेच ग्राहक अडवतं, म्हणून तरतरी येते. 2009 सालीच आणखी एक गोष्ट समोर आली: ज्या उंदरांच्या मेंदूतल्या तारकापेशींमधून, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशींमधून, हे ॲडेनोसिन पुरेसं तयार होत नव्हतं, त्यांची आठवण जागरणानंतरही ढासळली नाही. यावरून परीक्षेच्या आदल्या रात्री चहा ढोसत जागायला हरकत नाही, असा अर्थ मुलांनी कृपा करून काढू नये. त्या उंदरांची जनुकंच बदललेली होती; कपभर चहानं तसं काही होत नाही.

आणि आता 2023 सालचा निष्कर्ष. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात हॅवेकेस यांच्या गटानं विचारलं: जागवलेल्या उंदराची आठवण पुसली जाते, की आत असूनही हाताला लागत नाही? शिकताना जागृत झालेल्या पेशी त्यांनी आधीच खुणावून ठेवल्या होत्या. काही दिवसांनी त्या पेशी प्रकाशानं चेतवल्या आणि उंदराला वस्तूची जुनी जागा आठवली. रोफ्लुमिलास्ट या औषधानंही तेच साधलं. दोन्ही उपाय एकत्र केले तर पुढे कित्येक दिवस, प्रकाश किंवा औषध पुन्हा न देताही, आठवण हाती लागत राहिली. म्हणजे आठवण होती. साठवली मात्र कच्ची गेली होती.

रोफ्लुमिलास्ट हेही पीडीई-फोरलाच आवरतं आणि माणसांना ते फुफ्फुसांच्या जुनाट आजारासाठी आज दिलं जातं. म्हणून आशा वाटते. पण घाई नको. माणसाच्या मेंदूत प्रकाश सोडता येत नाही. या जातीच्या औषधांनी मळमळ आणि जुलाबही होतात; रोलिप्राम नैराश्यावर वापरायचं राहून गेलं ते अशाच त्रासांपायी. या विकराचे अनेक प्रकार शरीरभर पसरलेले आहेत. जागरणानं हिप्पोकॅम्पसमध्ये वाढलेला आढळला तो त्यांतला एक, पीडीई-फोर-ए-फाइव्ह. बाकीच्यांना धक्का न लावता फक्त त्यालाच गाठणारं औषध हवं आहे.