विज्ञानाची दृष्टी, कवीची सृष्टी

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त एका कनिष्ठ महाविद्यालयात केलेले भाषण)



आज २७ फेब्रुवारी, कविवर्य कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. उद्या २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच तारखेला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपला जगप्रसिद्ध शोध लावला. म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. या दोन दिवसांचे शेजारपण योगायोगाचे आहे. काव्य आणि विज्ञान यांचे शेजारपण मात्र तसे नाही.

मी कलाशाखेचा पदवीधर. 'विशाखा' (१९४२) या संग्रहातील 'पृथ्वीचे प्रेमगीत' मला विद्यार्थिदशेपासून प्रिय. सूर्यावर अनुरक्त झालेली पृथ्वी इतर ग्रहताऱ्यांना नाकारते आणि अखेर सूर्याचा दुरावाच पत्करते, एवढा अर्थ मला पुरेसा वाटे. पुढे शासकीय कामानिमित्त एका ग्रामीण शाळेतील विज्ञान प्रदर्शनास गेलो. तेथे एक विद्यार्थिनी दोरीला बांधलेला चेंडू गरगर फिरवीत होती. ती म्हणाली, "साहेब, ही दोरी म्हणजे सूर्याची ओढ. दोरी तुटली, तर चेंडू दूर निघून जाईल."

त्या क्षणी ती कविता मला नव्याने उमगली. सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर अंतरावर पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आहे. हा वेग थांबला, तर सुमारे दोन महिन्यांत ती सूर्यात जाऊन पडेल. ओढ सरली, तर ती अंधारात भरकटेल. मीलनात विनाश आणि वियोगातही विनाश! कवीने हे गणित मांडले, असे मी म्हणत नाही. परंतु कवितेतील व्याकुळता या नियमाच्या पायावर उभी आहे.

अन्य प्रणयीही असेच सत्याला धरून आहेत. शुक्राची कक्षा आपल्या कक्षेच्या आत असल्याने तो पहाटे वा सायंकाळीच तेजाळतो. कवीने त्याची पहाट निवडली. मंगळाची लाली गंजलेल्या लोहाची. कवीला ती संकोचाची वाटली. पृथ्वीचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असल्याने ध्रुव अढळ भासतो. कवीला तो तपस्वी दिसला. तथ्य विज्ञानाने दिले, नाते कवीने जोडले.

मित्रहो, ही कविता पुरती कळण्यास मला वीस वर्षे लागली; कारण शालान्त परीक्षेनंतर मी विज्ञानाचे पुस्तक उघडलेच नाही. दोष माझाच होता. आपण कोणत्याही शाखेत जा. दुसऱ्या शाखेचे दार मात्र लावून घेऊ नका.